ओवाळणीतली पिल्लं

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी आक्काच्या ताटात होल्याची दोन पिल्लं ठेवली. अगदी ताटात नव्हे. तिनं ओवाळून झाल्यावर मी खोक्याचं झाकण उघडलं आणि खोकं ताटाला टेकवलं. कबुतराच्या पिल्लांहून जरा लहान, दोन्ही एकमेकांना चिकटून बसली होती. आक्काची चार वर्षांची मुलगी, माझी भाची, एवढ्या मोठ्यानं ओरडली की त्यांनी माना आत ओढून घेतल्या. माय हसली. आक्का म्हणाली, "ह्या वर्षी माझ्या भावानं सोताचं दिलं बरं का."

ते खरं होतं. दरवर्षी माय माझ्या नावानं साडी आणायची आणि मी ती ताटात ठेवायचो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर मला त्याची लाज वाटू लागली होती. स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे एकच होतं, होल्याची ती जोडी आणि तिची पिल्लं.

जोडी मला हिंगोलीच्या एका चाचांनी दिली होती. बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर कनेरगाव नाक्याची बस येईपर्यंत मी त्यांच्या बाकड्यावर बसायचो. दुकानात टायरच्या खाली एक लांबट पिंजरा होता आणि त्यात पांढरेशुभ्र होले. आमच्या शेतात होले कमी नाहीत, पण ते मातकट रंगाचे, रानातले. हे पांढरे पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, माणसाच्या हातावर बसणारे. वर्षभर माझं बघणं बघून चाचांनी एके दिवशी एक जोडी खोक्यात घालून माझ्या मांडीवर ठेवली.

घरी बाबा म्हणाले, "रानात फुकट फिरून राहिलेत, अन् हे काहून बांधून ठिवलं?" पण पत्र्याच्या छपराखाली पिंजरा बांधताना जाळी त्यांनीच ताणून धरली. भाजीची दोन कॅरेट उलटी करून मी तो पिंजरा केला होता. अंड्यांसाठी आत एक मातीची परळ ठेवली. पहिल्या वेळची अंडी वाया गेली. दुसऱ्या वेळी, दसरा होऊन गेल्यावर, दोन पिल्लं निघाली.

मी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं आहे. आमच्या पुस्तकात कबुतराच्या कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्याखालच्या पिशवीत दुधासारखं काहीतरी तयार होतं आणि नर-मादी दोघंही ते पिल्लांना पाजतात, असं लिहिलेलं आहे. मी ते पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण पिल्लू आपली अख्खी चोच बापाच्या तोंडात खुपसतं, बाप मान खालून वर हलवतो आणि दोघंही एकत्रच थरथरतात, हे मी पहिल्यांदा आमच्या छपराखाली पाहिलं. मायला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बाप दूध पाजून राहिला व्हय? हे तुज्या बाबाला दाखव."

पिल्लं पंधरा दिवसांची झाली आणि मादीनं पुन्हा दोन अंडी घातली. होले तसेच असतात, एक वेत पुरतं मोठं होण्याआधी दुसऱ्याची तयारी. मादी संध्याकाळपासून सकाळपर्यंत अंड्यांवर बसायची. दहाच्या सुमाराला नर यायचा, ती उठायची आणि तो चार-पाचपर्यंत बसायचा. पिंजरा लहान होता. पिल्लं सवयीनं परळीत घुसायची आणि नर त्यांना टोचून बाहेर काढायचा. चाचांनी मला आधीच सांगितलं होतं की पिल्लं महिन्याची झाली की वेगळी कर, नाहीतर नर त्यांचं डोकं सोलून काढील. मी महिन्याचं ऐकलं नाही, फक्त वेगळी करायचं ऐकलं. पिल्लांना सगळी पिसं आली होती, ती काठीवर उडून बसत होती, खाली उतरून ज्वारीचे दाणे टोचत होती. मला ती मोठी झालेली दिसली. शिवाय भाची दोन दिवस पिंजऱ्यापुढून हलत नव्हती. म्हणून एकोणीस दिवसांची पिल्लं मी ओवाळणीत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का पुसेगावला, तिच्या सासरी गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी तिचा व्हिडिओ आला. दोन्ही पिल्लं पिंजऱ्याच्या तळाशी, अंग फुगवून बसलेली. पुढ्यात वाटीभर ज्वारी. मोठं पिल्लू दाणा उचलत होतं, चोचीत फिरवत होतं, टाकत होतं. मी लगेच फोन लावला.

"खाऊन राहिलेत की," आक्का म्हणाली. "दिवसभर टोचतेत. पण ओरडतेत लई. अन् घाण हिरवी पडून राहिली, पाण्यासारखी."

"वाटीतली ज्वारी कमी झाली का?"

तिनं जाऊन वाटी बघितली. "न्हाई रे. हाय तेवढीच हाय."

मी बस पकडून चाचांकडे गेलो. व्हिडिओ दाखवला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"कितने दिन के थे?"

"एकोणीस."

"दाना उठाते देखे, तो तू समझा खाते हैं." ते माझ्यावर रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. "बेटा, चोंच में लेना अलग, हलक से उतारना अलग. माँ अंडों पे बैठ गई, तो बच्चों को बाप खिला रहा था. वो तू ने घर पे रख लिया."

मी विचारलं, आता काय करायचं. त्यांनी बोटावर तीन गोष्टी मोजल्या. पिल्लं परत आण. नाहीतर तिथंच कुणीतरी दर दोन-तीन तासांनी चोच उघडून भिजवलेली बाजरी भरवावी. नाहीतर बापाला त्यांच्याकडे ने. "और जल्दी. कल तक चलेंगे, परसों का भरोसा नहीं."

घरी येऊन मी मायला म्हणालो, पिल्लं आठ दिवसांसाठी परत आणतो. माय तूर निवडत होती. तिचा हात थांबला.

"ओवाळणीचं परत आणतेत का कुठं?"

"मरतील ती, माय."

"मरतील म्हणून परत द्या म्हणता येतं का? तिची सासू आधीच म्हणली, लोकाचे भाऊ साडी देतेत, हिच्या भावानं पाखरं देले. आता ते बी उचलून आणलं तर लेकीनं तिथं मान कशी वर करावी? तू खोकं घेऊन येशील बसमधी बसून. ऐकायचं तिला हाय."

ती चूक बोलत नव्हती. आक्कानं भरवावं म्हटलं तर तिची कापूस वेचणी चालू होती, ती सकाळी रानात जायची ते दिवस मावळताना यायची. राहिला बाप.

पण नर नेला तर अंड्यांचं काय, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशीच मी मोबाईलच्या टॉर्चसमोर एकेक अंडं धरून पाहिलं होतं. दोन्हीत लाल धाग्यांची बारीक जाळी आणि मधे एक ठिपका दिसला होता. मादी एकटी दिवसरात्र बसणार नाही. बसली तरी खायला उठेल, आणि नर येत नाही म्हटल्यावर एक दिवस परत बसणारच नाही. म्हणजे पुसेगावची दोन की इथली दोन, एवढंच ठरवायचं होतं. मी ठरवायला घाबरणारा माणूस आहे. कॉलेजात कुठला विषय घ्यायचा हेसुद्धा मी रांगेत पुढच्या मुलाचं बघून लिहिलं होतं. पण इथं माझ्या पुढं कुणी उभं नव्हतं. अंड्यातल्यांना अजून भूक माहीत नाही, पिल्लांना मी भुकेलं ठेवलं आहे, असा विचार मी केला. तो बरोबर होता की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पण ठरवल्यावर मी तो बदलला नाही.

सकाळी मादी परळीत असतानाच मी नराला काठीवरून उचललं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. मादीनं एकदा मान वळवली. मायला मी म्हणालो, तिच्याकडे लक्ष दे.

बसमध्ये खोकं मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "काय हाय त्याच्यात? घुमून राहिलं."

"होला हाय."

"कुठं चालला?"

"लेकरांकडं," मी म्हणालो, आणि शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली.

हिंगोलीला बस बदलून मी अकराच्या आत पुसेगावला पोचलो. आक्का रानात गेली होती. तिची सासू ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिला मी मावशी म्हणतो. खोकं बघून ती म्हणाली, "आला का भाऊ. मी म्हणलंच होतं सुनंला, ओवाळणी परत न्यायला येतो बघ."

"न्हाई मावशी, न्यायला न्हाई आलो. एक द्यायचं राहिलं होतं, ते घेऊन आलो."

"दोन पुरे न्हाई झाले व्हय?"

"हा त्यांचा बाप हाय. ती अजून बापाच्या तोंडून खातेत. मला कळलं न्हाई. माझी चुकी झाली."

लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली. माझं "चुकी झाली" तिला अपेक्षित नसावं. ती उठली आणि मला परसात घेऊन गेली.

मोठं पिल्लू आवाज करत होतं. धाकटं डोळे मिटून कोपऱ्यात होतं, त्याला हातात घेतलं तेव्हा छातीचं हाड सुरीसारखं लागलं. गळ्याखालची पिशवी रिकामी, चामडीला चामडी चिकटलेली. मी नराला आत सोडलं. मला वाटलं होतं, तो लगेच ओळखील. तो एका जागी फिरला, मान खाली-वर करून घुमला, आणि मोठं पिल्लू पंख फडफडवत जवळ गेलं तेव्हा त्यानं त्याला टोचलं.

"हाणून राहिला की!" मावशी म्हणाली. "ह्यासाठी आणला व्हय?"

मी बाजरी कोमट पाण्यात भिजत घातली. मावशीला म्हणालो, धाकट्याला धरता का. तिनं पदराच्या घडीत ते धरलं, बाळाला धरतात तसं. मी चोचीच्या कडेला दोन बोटं लावून ती उघडली आणि एकेक दाणा जिभेच्या मागं ठेवला. पहिले चार त्यानं थुंकले. पाचवा गेला. भाची आमच्यात डोकं घालून मोजत होती आणि तिला दहापर्यंतच येत होतं, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करायची. तसे तीन वेळा दहा झाले तेव्हा मावशी म्हणाली, "बस कर, पोट फुटंल. आता दम दे."

दुपारभर मी पिंजऱ्यापुढं बसून होतो. नर खात होता, पाणी पीत होता, कोपऱ्यात जाऊन बसत होता. दहा ते चार ही त्याची अंड्यावरची वेळ, ते मला आठवत होतं. ऊन कलल्यावर मोठं पिल्लू पुन्हा त्याच्या अंगाखाली घुसलं. या वेळी तो हलला नाही. पिल्लानं चोच त्याच्या तोंडात घातली आणि त्याची मान खालून वर हलली. एकदा. मग पुन्हा.

मावशी आतून बाहेर आली तेव्हा मी तिला नुसतं बोटानं दाखवलं. ती बघत राहिली. "वं माय," ती हळूच म्हणाली. "बाप्या असून."

मी त्या दिवशी परतलो नाही. धाकटं अजून मागत नव्हतं. ते मागत नाही तोवर बाप त्याला देणार नव्हता, आणि तोवर भरवणं माझ्याकडेच होतं. बहिणीच्या सासरी भावानं एक दिवस राहावं, दोन दिवस राहिला तर चालतं. तिसऱ्या दिवशी दाजी जेवताना म्हणाले, "मेव्हण्यानं घरजावई व्हायचा इचार केला का काय? पण आमच्याकडं तर पोरगी हाय ती चार वर्साची."

"तुमीच सांगा की त्याला काम," आक्का म्हणाली. तिला अवघडल्यासारखं होत होतं, ते माझ्या लक्षात येत होतं.

"सांगतो ना. बीएस्सीला कापूस वेचता येतो का?"

"येतो दाजी."

म्हणून मी सकाळी पिल्लाला भरवून त्यांच्याबरोबर रानात जाऊ लागलो. मधल्या वेळेचं मावशीनं स्वतःकडं घेतलं. मी शिकवलं तसं चोचीच्या कडेला बोटं लावायची, आणि संध्याकाळी मला हिशेब द्यायची: सकाळी दोन दहा, दुपारी तीन दहा. भाचीची मोजणी घरात सगळ्यांनीच उचलली होती.

कॉलेज उघडलं होतं. माझी दोन प्रॅक्टिकलं बुडाली. मायचा रोज फोन यायचा. "तुजी मादी दुपारची उठून जाती," ती म्हणाली. "जाळीला लागून बसती अन् घुमती. हुडकून राहिली. मी मूठभर बाजरी तिथंच परळीपाशी टाकली, म्हणलं उठू नाई. पण बसंना." मग थोड्या वेळानं, "ये ना आता घेऊन त्याला."

चौथ्या दिवशी येता आलं असतं. मोठ्यानं त्या दिवशी स्वतः ज्वारी गिळली. मी तपासलं तेव्हा गळ्याखाली दाणे हाताला लागले. धाकटंही आता बापाकडं जात होतं, पण स्वतः टिपलेला दाणा अजून निम्म्या वेळा टाकत होतं. मी खोकं काढून ठेवलं. ते उघडायचं की नाही, हे मी बराच वेळ ठरवत बसलो. घरी अंड्यांत अजून काही उरलं असेल तर आजच्या दिवसानं फरक पडेल असं वाटत होतं.

मावशीनं खोकं पाहिलं. "चालला?"

"बघतो."

तिनं धाकट्याला उचललं आणि अंगठ्यानं गळ्याखाली दाबून पाहिलं. आता ती ते माझ्याहून हलक्या हातानं करायची. "हे कच्चं हाय अजून. मऊ लागून राहिलं. बापाला नेलं की हे पुन्हा कोपऱ्यात बसंल." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "एकदा अर्धवट देऊन गेलास. आता पुरतं देऊन जा."

मी खोकं परत आत ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी मी नराला टोपलीखाली वेगळा झाकून ठेवला आणि पिल्लांना नुसती ज्वारी, बाजरी आणि पाणी दिलं. हातानं काही भरवायचं नाही, बापाचंही नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. दिवसभर कुणी पिंजऱ्याजवळ गेलं नाही, भाचीसुद्धा नाही, तिला मावशीनं रानात पाठवून दिलं होतं. पाच वाजता मी दोघांना एकेक करून हातात घेतलं. मोठ्याची पिशवी गच्च. धाकट्याची थोडी लहान, पण टणक, दाणा न् दाणा बोटाला लागत होता. मावशीनंही दाबून पाहिलं. तिची खात्री झाली तेव्हा माझी झाली.

निघताना तिनं माझ्या पिशवीत लसणाची जुडी टाकली आणि आक्काला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुज्या मायला सांग, साड्या लई हायेत हिच्याकडं."

सातव्या दिवशी सकाळच्या बसनं मी घरी आलो. पिंजऱ्यात मादी जाळीपाशी होती, परळीत अंडी तशीच. मी दोन्ही टॉर्चसमोर धरली. लाल धागे नव्हते. एका बाजूला काळसर डाग साकळला होता आणि त्याच्याभोवती रेघ. दोन्हीत तेच. मी चाचांना फोन केला आणि विचारलं, टाकून देऊ का.

"बच्चे खा रहे?"

"खातात. स्वतः."

"तो ठीक." पलीकडं हातोड्याचा आवाज होता. "अंडे मत निकाल. निकालेगा तो आठ दिन में फिर दे देगी, थक के मर जाएगी. झूठे अंडों पे बैठने दे. बैठते-बैठते खुद छोड़ देंगे. तब तक उसको आराम है."

मला ते फसवल्यासारखं वाटलं. पण मादीचं अंग मी हातात घेऊन पाहिलं होतं, तीही हलकी झाली होती. दोन वेतं एकामागोमाग, आणि सहा दिवस एकटी. म्हणून मी अंडी होती तशी परळीत ठेवली, शेजारी शेजारी, आणि नराला आत सोडलं.

दोघं एकमेकांपुढं मान वाकवून घुमले. मग नर काठीवरून उतरला, परळीपाशी गेला, चोचीनं एक अंडं आपल्याकडं ओढून उलटवलं आणि त्यावर बसला. दहा वाजून गेले होते. माय दारात उभी होती. तिला सगळं सांगितलेलं होतं.

"बसू देतो का त्याला?" तिनं विचारलं.

"बसू देतो," मी म्हणालो, आणि मादीसाठी बाजरी घ्यायला आत गेलो.